तिफ्लिसच्या भिंतीवर आठ अक्षरं

जाड बूट घाला. मोबाइल घरीच ठेवा, तिथं त्याचा काडीचा उपयोग नाही. जानेवारी १९१३, शहर तिफ्लिस. आज नकाशात शोधायला गेलात तर तिबिलिसी सापडेल, जॉर्जियाची राजधानी. पण ते नाव जगाच्या नकाशावर चढायला १९३६ साल उजाडावं लागेल. तूर्त इथं रशियाच्या झारचं राज्य आहे. कॅलेंडरसुद्धा त्याचंच, आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे. कुणी तारीख विचारलीच तर ऐकू आलं नाही असं दाखवा.

मी तुम्हाला मुद्दाम रेल्वे स्टेशनाच्या बाजूला उतरवलंय. गोलोविन रस्त्यावर, म्हणजे आजच्या रुस्तावेली अव्हेन्यूवर उतरवलं असतं, तर ऑपेरा, व्हाइसरॉयचा वाडा, विजेची ट्राम, फरचे कोट घातलेल्या बायका असं सगळं युरोप एका फेरीत बघून झालं असतं. डोंगरावर चढणारी दोराची गाडीसुद्धा त्या अंगाला आहे, १९०५ पासून चालू आहे. पण आपल्याला भेटायचंय तो माणूस तिकडं सहसा फिरकत नाही. त्याचं गिऱ्हाईक इथं आहे, स्टेशनाच्या आसपासच्या चिखलात.

जरा बाजूला व्हा, मागून हमाल येतोय. पाठीवर अख्खं कपाट बांधून वाकून चाललाय, समोरचं त्याला दिसत नाही. त्यांना इथं ‘मुशा’ म्हणतात. डोक्यावर फळांचं ताट पेलत, गाणी म्हणत, येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवत फिरणारे ते ‘किंतो’; त्यांच्याशी बोलायच्या भानगडीत पडू नका, जिंकणार नाही तुम्ही. कोपऱ्यावर एकजण पेटीचं हँडल फिरवून सूर काढतोय. भट्टीतून नुकत्या निघालेल्या लांबट रोटीचा वास येतोय आणि त्यात घोड्यांच्या लिदीचा, ओल्या लोकरीचा आणि कोळशाच्या धुराचा वास मिसळलाय.

आता मान वर करून पाट्या बघा. चांभाराच्या दारावर बूट रंगवलेला, खाणावळीवर मासा, दारूच्या दुकानावर फेसाळता पेला. हौस म्हणून नाही. या एका गल्लीत जॉर्जियन, आर्मेनियन, रशियन, तातार, इराणी, ज्यू असे सगळे नांदतात; लिप्या तीन-चार, आणि त्यातली एकही न वाचता येणारी माणसं पुष्कळ. कॉकेशसच्या या राजधानीत जॉर्जियन लोकांपेक्षा आर्मेनियन जास्त आहेत आणि हुकूम निघतात ते रशियनमध्ये. अशा शहरात दुकानदारानं गिऱ्हाइकाला आत बोलवायचं कसं? चित्र काढून. म्हणून इथं पाट्या रंगवणाऱ्याला काम आहे. ते कायमचं आहे की नाही, ते पुढं बघू.

या पाट्यांतली एखादी तुम्हाला थांबवेल. बाकीच्यांपेक्षा ती सुबक असेल असं नाही. अक्षरं कधी चुकलेली असतात, रशियन शब्द कानाला ऐकू येतो तसा लिहिलेला असतो. पण पेल्यातला लाल रंग असा काही पेटलेला असतो की हात पुढं जातो. ती पाटी निकालाची.

पूर्ण नाव निकोलोझ पिरोस्मानाश्विली. जग त्याला नीको पिरोस्मानी म्हणेल. शहरातले लोक म्हणतात निकाला. कुठं राहतो म्हणून विचारा, प्रत्येकजण वेगळ्या दिशेला हात करेल. कारण तो कुठंच राहत नाही. आज या तळघरात, उद्या त्या जिन्याखालच्या खोपटात, परवा एखाद्या ‘दुखान’च्या कोपऱ्यात. दुखान म्हणजे खाणावळ, गुत्ता आणि गावगप्पांचा अड्डा असं सगळं एकाच छताखाली. तिफ्लिसमध्ये असे दुखान गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या भिंती हीच निकालाची गॅलरी आहे.

मलोकान्स्काया नावाच्या रस्त्यावर वळा. स्टेशनापासून लांब नाही. तिथं भिंतीपाशी एक उंच, सडपातळ माणूस उभा आहे. मऊ फेल्टची टोपी, काळं जाकीट, कोपरावर फाटलेलं. वय पन्नाशीचं. पाठ आपल्याकडे. हातात ब्रश आणि भिंतीवर रशियन अक्षरं: मलोच्नया. म्हणजे दुधाचं दुकान. त्यांच्या लिपीत आठ अक्षरं होतात.

हा प्रसंग मी रचलेला नाही. किरिल झ्दानेविच नावाच्या तरुण चित्रकारानं निकालाला पहिल्यांदा असंच पाहिल्याचं पुढं लिहून ठेवलंय. किरिल, त्याचा धाकटा भाऊ इल्या आणि त्यांचा पीटर्सबर्गचा चित्रकार मित्र मिखाईल ल दांत्यू हे तिघं १९१२ च्या उन्हाळ्यात स्टेशनाजवळच्या एका दुखानमध्ये जेवायला शिरले. दुखानचं नाव ‘वार्याग’, रशिया-जपान युद्धात बुडालेल्या रशियन क्रूझरवरून ठेवलेलं. भिंतीवरची चित्रं बघून तिघांचं जेवण बाजूला राहिलं. पॅरिसचे नवे चित्रकार ज्या साधेपणासाठी धडपडत होते, तो इथं धुरानं काळ्या पडलेल्या भिंतीवर कुणीतरी सहज टांगून ठेवला होता. मग ते या माणसाच्या शोधात लागले आणि तो सापडला तो पाटी रंगवताना. त्यानं मागं वळून पाहिलं, अदबीनं मान झुकवली आणि पुन्हा कामाला लागला. मधूनमधून एखादं वाक्य बोलला, बस्स.

तुम्हीही जवळ जा, पण बोलू नका. हात बघा. शब्दात ‘ओ’ दोनदा येतो आणि अक्षरलेखकाची परीक्षा गोल अक्षरातच होते. ब्रश वरून डावीकडे उतरतो, खाली टेकतो, उचलला जातो; मग पुन्हा वरून, उजवीकडे. दोन्ही अर्धी खाली भेटतात, तिथं जोड दिसत नाही. हे त्याला कुठल्या शाळेत शिकवलं नाही. शिकायला पैसे नव्हते, आणि इतक्या गरीब पोराला चित्रकला शिकवायची असते हे कुणाच्या डोक्यात यायचंही कारण नव्हतं.

आणि हा शब्द तो कोणत्या मनानं लिहीत असेल, याचा विचार करून बघा. कारण दुधाचं दुकान हे त्यानंही एकेकाळी चालवलेलं आहे.

तो रंग भरतोय तोवर मागचं सांगून टाकतो. जन्म पूर्वेकडच्या काखेती प्रांतातल्या मिर्झानी गावचा. साल १८६२ धरतात. शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणीच आईबाप गेले आणि आठेक वर्षांचं पोर तिफ्लिसला आलं. एका खात्यापित्या घरी वाढलं, वरकाम करत, पण लिहायवाचायलाही शिकत, जॉर्जियन आणि रशियन दोन्ही. १८८२ च्या सुमारास आपल्यासारख्याच एका स्वशिक्षित रंगाऱ्याबरोबर त्यानं पाट्यांचा कारखाना काढला. कामं आली नाहीत, कारखाना बसला. मग रेल्वेची नोकरी: मालगाडीवर ब्रेक सांभाळायचा, उघड्यावर, कॉकेशसच्या थंडीत. आजारपणं आणि दंड यांतून ती तीन-चार वर्षांत सुटली. त्यानंतर भागीदारीत दुधाचं दुकान. दाराशी म्हणे त्यानं दोन गाई रंगवल्या होत्या, एक पांढरी आणि एक काळी. दुकान बरं चाललं होतं. पण गल्ल्यावर बसून चीज मोजत राहणं हे त्याच्या हाडाचं काम नव्हतं. १९०१ च्या आगेमागे तेही सुटलं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर माणूस पूर्णवेळ पेंटर झाला.

‘पेंटर’ हा शब्द मी आपल्या गावाकडच्या अर्थानं वापरतोय. आपल्याकडे तालुक्याच्या गावी एक पेंटर असायचाच. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, निवडणुकीच्या भिंती, देवळातला मारुती, सगळं त्याच्याकडे. कोल्हापूरकरांनी तर बाबूराव मेस्त्रींचं आडनावच पेंटर करून टाकलं, आणि तेही कुठल्या आर्ट स्कूलमध्ये न जाता शिकलेले. मुंबईच्या रस्त्यांवर सिनेमाची होर्डिंग रंगवून हुसेननी पोट भरलेलं आहे. फ्लेक्सचं मशीन आलं आणि ही जात संपत चालली. आता प्रत्येक चौकात वाढदिवसाच्या साहेबांचा एकच चेहरा, एकाच फाँटमध्ये. असो, तो विषय काढला तर आपण तिफ्लिसला परत यायचो नाही.

पाटी झाली. ब्रश पुसून तो सामान उचलतो आणि चालायला लागतो. तुम्ही मागोमाग चला. चार पायऱ्या उतरून एका दुखानमध्ये शिरतो तो. आत अंधार, दिव्याची काजळी, मातीच्या सुरयांतून ओतल्या जाणाऱ्या वाइनचा आंबूस वास. मालक त्याच्यापुढं न विचारता ताट ठेवतो: राजम्याचं लोबिओ, रोटी, मुळे, हिरवा पाला, वाइन. हा हिशेब समजून घ्या, कारण सगळी गोष्ट या हिशेबात आहे. निकाला चित्र काढतो, मालक त्याला जेवायला घालतो, प्यायला देतो, कधी झोपायला जागा देतो, वर थोडे रूबल. पैसे आले की तो त्याचे आधी रंग आणतो. लोक याला दयेवर जगणं म्हणतील. मला तसं वाटत नाही. सरळ धंदा होता तो, दोन्ही बाजूंना परवडणारा. भिंतीवर मेजवानीचं चित्र असलं की गिऱ्हाईक एक सुरई जास्त मागवतं हे मालकाला कळत होतं, आणि फुकटचं घ्यायचं नाही हे निकालाला. त्याची अदब, ती टोपी, ते मोजकं बोलणं बघून लोक त्याला चेष्टेनं ‘काउंट’ म्हणायचे.

आता ताट बाजूला सरकवून तो कापड पसरतो. नीट बघा, हे नेहमीचं कॅनव्हास नाही. हे काळं मेणकापड आहे, ऑइलक्लॉथ. पत्रा, पुठ्ठा, भिंत, काचही चालायची त्याला, पण सगळ्यात लाडकं हे. टेबलावरचं मेणकापड ओढून त्यावरच चित्र काढायचा अशी दंतकथा आहे. दंतकथा म्हणून छानच आहे. खरी गंमत पुढं आहे. बाकीचे चित्रकार पांढऱ्यावर सुरुवात करतात आणि सावल्या चढवत जातात. हा काळोखापासून सुरू करतो आणि त्यात उजेड ठेवत जातो. काळा कोट काढायचा असेल तर कोट तो रंगवतच नाही. कोटाच्या भोवतीचं रंगवतो. मग चेहरा, हात, कमरेचा पट्टा, आणि कोट आपोआप तिथं असतो. रंग मोजकेच: पांढरा, गेरूसारखा पिवळा, निळा, हिरवा, लाल. एक चित्र दिवसा-दोन दिवसांत हातावेगळं. खाडाखोड जवळजवळ नाही, कारण मेणकापडावर ती लपत नाही.

भिंतीवर वाळलेली चित्रं टांगलेली आहेत, ती एकेक बघून घ्या. ही मेजवानी. पांढऱ्या चादरीचं टेबल चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलंय. मागं मिशाळ पुरुष, हातात वाइनचं शिंग. टेबलावर मासा, कोंबडी, रोट्या. बायकापोरं नाहीत, घाई नाही. आणि कुणीही एकमेकांकडे बघत नाही. सगळे समोर बघतात, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे, तुम्ही कधी क्लिक करताय याची वाट बघत. जॉर्जियन मेजवानी म्हणजे नुसतं खाणं नव्हे. तिला ‘तमादा’ असतो, तो एकेका नावानं पेला उचलायला लावतो, आधी देवाच्या, मग गावाच्या, मग गेलेल्या माणसांच्या. म्हणून या पुरुषांच्या चेहऱ्यावर ते गांभीर्य आहे. दारू चढल्याचं मुळी दिसतच नाही.

हा लाल सदऱ्यातला कोळी. गवती टोपी, हातात मासा, पाय पाण्यात. सदऱ्याचा लाल इतका साधा की लहान मूलही तेवढाच लाल भरेल, पण त्याला तो तिथं थांबवता येणार नाही. हा ‘द्वोर्निक’, म्हणजे वाड्याचा राखणदार. कापडाच्या काळ्यात त्याचा कोट विरघळलाय, फक्त दाढी, हात आणि बिल्ला उजेडात. दिवसभर दारात उभं राहणाऱ्या माणसाला इतक्या आदरानं कुणी रंगवलं असेल का, मला शंका आहे. आणि हा जिराफ. तिफ्लिसच्या पेंटरनं जिराफ कुठं पाहिला असणार? काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, बेढब अंगाचा. पण त्याचे डोळे माणसाचे आहेत आणि ते तुमच्याकडे लागलेले आहेत. मी या चित्रापुढं बोलायचं बंद करतो.

पलीकडे काळ्यावर पांढऱ्या चादरीत लवंडलेल्या दोन बायका, खांद्यावर पक्षी, आजूबाजूला फुलं. ओर्ताचाला हा शहराच्या कडेचा नदीकाठचा बागांचा भाग. तिथं पैसेवाले रात्री मौज करायला जात, आणि या त्या रात्रींच्या बायका. त्यांना त्यानं उघडं पाडलेलं नाही आणि त्यांच्यावर दया केलेली नाही. खांद्यावर पक्षी बसवला, इतकंच.

आता मार्गारिता. तुमच्यापैकी ज्यांनी जॉर्जियाचं पर्यटनाचं पान उघडलंय त्यांना हे ठाऊक असणार. मार्गारिता नावाची एक फ्रेंच नटी तिफ्लिसला आली. गरीब चित्रकारानं तिच्यापायी दुकान विकलं, शहरातली सगळी फुलं विकत घेतली आणि तिच्या खिडकीखाली गाड्या भरभरून रिकाम्या केल्या. ती भाळली, एक मुका दिला आणि दुसऱ्याच कुणाबरोबर निघून गेली. यावर रशियन कवी आंद्रेई वोझ्नेसेन्स्कीनं गाणं रचलं, चाल लात्वियाच्या राइमोन्ड्स पाउल्सची, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आल्ला पुगाचोवानं ते सोव्हिएत युनियनच्या घराघरांत नेलं. गाण्यात फुलं दहा लाख होतात.

चित्र खरं आहे: १९०९ सालचं, आखूड पांढरा झगा, हातात गुच्छ, बाजूला पक्षी, चेहऱ्यावर थोडा गोंधळ. नटीही खरी असावी. पण दुधाचं दुकान सुटलं ते ती शहरात यायच्या काही वर्षं आधी. मग विकलं काय? आणि ज्या माणसाला पुढच्या जेवणासाठी पुढची भिंत शोधावी लागते, त्यानं दहा लाख गुलाब आणायचे कुठून? माझा राग गाण्यावर नाही, गाणं गोड आहे. राग याचा आहे की त्या फुलांखाली त्याचं काम पुरलं जातं. प्रेमात पागल झालेला कलावंत सगळ्यांना हवा असतो. रोज सकाळी ब्रश धुऊन दार ठोठावत फिरणारा पेंटर कुणालाच नको असतो.

या जानेवारीत त्याचं नशीब जरा उघडतंय. इल्या झ्दानेविच सुट्टीला घरी आलाय. पोरगा अठरा वर्षांचा, पीटर्सबर्गला कायदा शिकतोय, पण डोक्यात नुसती नवी कला. तो निकालाकडून स्वतःचं पोर्ट्रेट करून घेतो, एक हरीणही काढून घेतो. फेब्रुवारीत तो तिफ्लिसच्या एका रशियन वर्तमानपत्रात निकालावर लेख लिहितो. मार्च १९१३ मध्ये मॉस्कोत ‘मिशेन’ म्हणजे ‘नेम’ नावाचं प्रदर्शन भरतं. लारिओनोव्ह, गोंचारोवा, मालेविच, शगाल यांच्या पंगतीत निकालाची काही चित्रं टांगली जातात. दुखानच्या भिंतीवरून थेट तिथं. तो स्वतः इथंच आहे, पुढच्या पाटीची अक्षरं आखत.

इथून आता भराभर चला, कारण पुढं बघण्यासारखं फार नाही.

ऑगस्ट १९१४. महायुद्ध सुरू होतं आणि झारचं सरकार दारूबंदी लावतं. हा हुकूम पीटर्सबर्गला निघाला, पण एका माणसाच्या ताटावर तो कसा पडला ते बघा. दुखान बंद पडू लागले. जे उघडे राहिले त्यांना मेजवानीच्या चित्रांचं काय काम? नवी पाटी कुणाला हवी? निकालाचा पगार, खोली, गॅलरी आणि गिऱ्हाईक हे सगळं एकाच ठिकाणी होतं, आणि तेच ठिकाण मिटलं. त्याला कुणी उद्ध्वस्त केलं असेल तर या हुकमानं. कुठल्या फ्रेंच बाईनं नाही.

मे १९१६. जॉर्जियन कलावंतांची संस्था नुकतीच निघालीय. तिच्यामागं दिमित्री शेवर्दनाद्झे हा चित्रकार. ते निकालाला शोधून सभेला आणतात. मागच्या खुर्चीवर बसून बघा. सूटबुटातली शिकलेली मंडळी, आणि मध्ये हा उंच माणूस, बराच वेळ गप्प. मग तो आपली एक कल्पना मांडतो: शहराच्या मधोमध एक मोठं लाकडी घर बांधावं, आत मोठं टेबल असावं, मोठा समोवार असावा, आपण सगळ्यांनी जमून चहा प्यावा आणि चित्रांबद्दल बोलावं. सभेत यावर कुणाला काय बोलावं ते सुचत नाही. त्याला दहा रूबल देतात, फोटो काढून घेतात. त्यानं मागितलं होतं घर.

दोन महिन्यांनी एका जॉर्जियन वर्तमानपत्रात व्यंगचित्र येतं. निकाला अनवाणी उभा, आणि समोर एक टीकाकार त्याला सांगतोय की बाबा, अजून शिक, वीसेक वर्षांत बरा चित्रकार होशील, मग तुला तरुणांच्या प्रदर्शनात पाठवू. चोपन्न वर्षांच्या माणसाला. त्यानंतर तो या मंडळींना टाळायला लागतो. त्यांनी नंतर त्याला मदत पोचवायचा प्रयत्न केला, पण तो सापडला नाही. परक्यांनी हसलेलं त्यानं आयुष्यभर सोसलं होतं. हे घरचे होते.

आणि एप्रिल १९१८. या वेळी तुम्हाला खाली नेत नाही, दाराशीच थांबा. तोच मलोकान्स्काया रस्ता, तळघर, थंडी. शेजारच्या चांभाराला तो जमिनीवर पडलेला दिसला. गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तिथं दीड-दोन दिवसांत संपला. गरिबांच्या कोपऱ्यात कुठंतरी पुरलं. थडग्याची जागा आजवर कुणाला सापडलेली नाही. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात, २६ मे रोजी, जॉर्जियानं स्वातंत्र्य जाहीर केलं.

पुढचं सगळं मानाचं आहे आणि मानाचं असतं तसं उशिराचं आहे. शेवर्दनाद्झे यांनी दुखान पालथे घालून चित्रं गोळा केली. म्युझियमला जी मिळाली त्यात त्यांचा वाटा मोठा. मेतेखीचं चर्च पाडायला विरोध केला म्हणून स्टॅलिनच्या राज्यात, १९३७ मध्ये, त्यांनाच गोळी घातली गेली. इल्या पॅरिसला जाऊन ‘इलियाझ्द’ झाला आणि म्हातारपणीही निकालाला विसरला नाही. त्यानं काढलेल्या पुस्तकासाठी १९७२ मध्ये पिकासोनं निकालाचं एक कोरीव चित्र केलं. जॉर्जियन दिग्दर्शक शेंगेलायानं १९६९ मध्ये निकालावर सिनेमा काढला. तो मात्र जरूर बघा, गुलाबांच्या गोष्टीवर उतारा आहे. स्वतंत्र जॉर्जियाच्या एक लारीच्या नोटेवर निकालाचा चेहरा आला. त्यानं आयुष्यात दोनेक हजार चित्रं काढली असावीत असं म्हणतात. उरलीत सुमारे दोनशे. बाकीची पावसात गेली, चुन्याखाली गेली, किंवा दुखानबरोबर पडली. पाट्यांचं तर काय, रंग उडाला की दुसरा पेंटर त्यावरून हात फिरवायचा, धंदाच तसा.

तिबिलिसीत आज आपली बरीच मुलं डॉक्टर व्हायला गेलेली आहेत, त्यात मराठीही आहेत. ओळखीत कुणी असेल तर त्याला एवढं सांगा. रुस्तावेली अव्हेन्यूवर नॅशनल गॅलरी आहे, तिथं निकालाचा विभाग आहे. मार्गारितापुढं लोक फोटो काढत असतील, त्यांना काढू दे. आधी जिराफापुढं उभा राहा, मग राखणदारापुढं, आणि जिथं काळं दिसेल तिथं जवळ जाऊन बघ: तो रंग नाही, कापड आहे. तास-दीड तास पुरे. सोमवारी बंद असते.